शब्द उजाडायला हवा : वितोतोंच्या भाषेचा आढावा

2023 च्या मे महिन्यात कोलंबियातल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर लष्कराची हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती आणि त्यांच्या ध्वनिवर्धकांतून एका आजीचा आवाज खालच्या दाट झाडीत उतरत होता. 1 मे रोजी आराराक्वाराहून निघालेलं एक छोटं विमान कोसळलं होतं. त्यातली तिन्ही मोठी माणसं गेली. चार भावंडं वाचली आणि जंगलात दिसेनाशी झाली. थोरली बहीण तेरा वर्षांची होती, शेंडेफळाला वर्षही पुरं झालेलं नव्हतं. आहात तिथेच थांबा, माणसं तुम्हाला शोधताहेत, असं आजी सांगत होती आणि ते वितोतो भाषेत सांगत होती. चाळीस दिवसांनी, 9 जूनला, चौघंही जिवंत सापडली.

ही बातमी जगभर पोहोचली. मुलांनी जंगलात काय खाल्लं, कुठे आडोसा केला, यावर खूप लिहिलं गेलं. आजीच्या भाषेबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. ती भाषा कोणती, ती एवढी आटली कशी आणि ती टिकावी म्हणून आजवर जे केलं गेलं त्यातलं कामाचं काय ठरलं, या तीन प्रश्नांचा हा आढावा.

नाव, नद्या आणि बोली

‘वितोतो’ हे नाव या लोकांचं स्वतःचं नाही. ते कारिहोना या कॅरिब भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांनी दिलं आणि त्याचा अर्थ ‘शत्रू’ असा सांगितला जातो. हे लोक स्वतःला मुरुई आणि मुइना म्हणवतात. पेरू सरकारच्या दप्तरातही आता ‘मुरुई-मुइनानी’ अशी नोंद आहे. पुस्तकांत आणि बातम्यांत जुनंच नाव रूढ असल्याने इथे ते वापरलं आहे.

काकेता आणि पुतुमायो या नद्यांच्या मधला पट्टा हा त्यांचा मूळ मुलूख. पुतुमायोला मिळणाऱ्या इगारापाराना आणि कारापाराना या उपनद्यांच्या काठी त्यांची वस्ती होती. ला चोरेरा आणि एल एन्कांतो ही तिथली आजची मुख्य ठिकाणं. सीमेपलीकडे पेरूमध्ये आंपियाकू, नापो आणि पुतुमायो नद्यांच्या काठी त्यांची गावं आहेत. ती गावं तिथे कशी वसली, ती हकिगत पुढे येईलच.

वितोतो ही एकसंध भाषा नाही. बुए (हिलाच अभ्यासक मुरुई म्हणतात), मिका, मिनिका आणि निपोदे अशा तिच्या चार मुख्य बोली आहेत. यांतल्या बुए, मिका आणि मिनिका या तीन नावांचा अर्थ एकच आहे : ‘काय?’ जो ‘काय’ला ‘बुए’ म्हणतो तो बुए बोलणारा. समोरच्याची बोली त्याच्या पहिल्या प्रश्नावरून ओळखायची, अशी ही साधी रीत आहे. ओकाइना आणि नोनुया या वितोतो कुळातल्या आणखी दोन भाषा. बोरा आणि मुइनाने या शेजारच्या भाषाही पूर्वी याच कुळात धरत. त्यांच्यातलं साम्य रक्ताच्या नात्याचं नसून शेजाराचं असावं, असं मत आता बळावलं आहे. त्याच मुलखातली रेसिगारो ही आरावाक कुळातली, तर आंदोकेला कुठलंच कूळ सापडलेलं नाही. भाषा अशा वेगवेगळ्या असूनही या सगळ्या लोकांचा आचार एक आहे. ते स्वतःला ‘मध्यभागाचे लोक’ म्हणवतात आणि आपली ओळख ‘तंबाखू, कोका आणि गोड कसाव्याची लेकरं’ अशी सांगतात.

भाषेची घडण मराठी वाचकाला निदान एका बाबतीत ओळखीची वाटेल : क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. पुढे मात्र सगळं वेगळं आहे. आपल्या ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधला, ओठ न वळवता उच्चारायचा एक सहावा स्वर तिथे आहे. या भाषेचं सर्वांत मोठं वैभव म्हणजे तिचे वर्गदर्शक प्रत्यय. वस्तू झाड आहे, पान आहे, गोल आहे की द्रव आहे, हे सांगणारे शंभराहून अधिक प्रत्यय मुरुईत आहेत आणि ते नामाला, संख्येला, दर्शक शब्दालाही लागतात. कोकाचं झुडूप ते ‘जीबिना’, त्याच्या पानांची पूड ती ‘जीबिए’. प्रत्यय बदलला की झाडाचं रूपांतर सेवनाच्या वस्तूत होतं. असा प्रत्यय बिनचूक लावायचा तर ती वस्तू हाताळलेली असावी लागते. जे मूल शेतात गेलं नाही, त्याच्या तोंडी हे प्रत्यय बसत नाहीत. भाषा आणि जगणं किती घट्ट विणलेलं असतं, याचा हा व्याकरणातलाच पुरावा आहे.

शब्द उजाडतो तेव्हा

वितोतो भाषा समजून घ्यायची तर ती कुठे बोलली जाते ते पाहावं लागतं. पानांनी शाकारलेलं भलंमोठं सामाईक घर म्हणजे मालोका. रात्री तिच्या एका भागात पुरुष बसतात. कोकाची पानं भाजून, कुटून, यारुमो झाडाच्या पानांच्या राखेत मिसळून केलेली बारीक हिरवी पूड, म्हणजे मांबे, गालात धरतात. आपल्याकडे विड्यात चुना जे काम करतो तेच इथे राख करते. या पुडीचा कोकेनच्या धंद्याशी संबंध नाही. जागं राहून नीट बोलायला आणि ऐकायला लावणारं ते पवित्र द्रव्य आहे. सोबत तंबाखू आटवून केलेला दाट अर्क, आंबिल, बोटाने चाटतात. बायकांच्या हाती कसावा असतो. आपल्या साबुदाण्याचा कंद तोच. त्याच्यापासून भाकरी होते आणि काग्वाना नावाचं दाटसर पेयही.

या बैठकीतलं बोलणं म्हणजे गप्पा नव्हेत. ‘राफुए’ हा इथला कळीचा शब्द. त्याचा अर्थ शब्दही होतो, विषयही आणि उत्सवही. रात्री वडीलधारे शेताबद्दल, शिकारीबद्दल, येणाऱ्या नाचाबद्दल बोलतात. दिवसा ते बोलणं हाताने करायचं असतं : जंगल साफ करायचं, कंद लावायचे, फळं गोळा करायची. शेवटी नाचाच्या दिवशी सगळी गावं जेवतात, तेव्हा तो शब्द ‘उजाडला’ असं म्हणतात. जो शब्द उजाडत नाही, म्हणजे ज्यातून पोटाला अन्न आणि माणसांना एकत्र येणं मिळत नाही, तो पोकळ. हुआन आल्वारो एचेवेरी या मानवशास्त्रज्ञाने हिपोलितो कांद्रे ऊर्फ किनेराइ या वडीलधाऱ्यांचं असं बोलणं ध्वनिमुद्रित करून वितोतो आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत मांडलं. ‘थंड तंबाखू, गोड कोका’ अशा अर्थाच्या नावाचं ते पुस्तक 1993 मध्ये निघालं. वितोतो विचार आतून समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला दरवाजा दुसरा नाही.

शब्द दूर पोहोचवायला इथे ढोलही आहेत. ओंडके आतून पोखरून केलेली ही जोडी स्पॅनिशमध्ये ‘मांग्वारे’ म्हणून ओळखली जाते. शेजारच्या बोरा लोकांच्या ढोलांवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की हे ढोल ठरावीक खुणांपुरते थांबत नाहीत. ते बोलण्याचे सूर आणि ताल उचलून खरे निरोप देतात आणि हे निरोप सुमारे वीस किलोमीटरपर्यंत ऐकू जातात.

रबराचा काळ

या भाषेच्या ऱ्हासाची सुरुवात ‘आधुनिकते’ने झाली असं म्हणणं सत्याला सोडून होईल. तिची सुरुवात कत्तलीने झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलींच्या आणि मोटारींच्या टायरांसाठी रबराची मागणी वाढली. पेरूचा व्यापारी हुलिओ सेसार अराना याने पुतुमायोच्या खोऱ्यावर कब्जा मिळवला आणि 1907 मध्ये लंडनमध्ये नोंदवलेल्या कंपनीला तिथला कारभार जोडला. पुढे तिचं नाव पेरुव्हियन अ‍ॅमेझॉन कंपनी झालं. वितोतो, बोरा, आंदोके आणि ओकाइना यांना उधारीच्या नावाखाली वेठीला धरलं गेलं. ठरलेलं रबर आणलं नाही तर फटके, उपासमार आणि मृत्यू.

इकितोसमध्ये बेंहामिन साल्दान्या रोका या पत्रकाराने 1907 मध्येच आपल्या वृत्तपत्रांतून हे उघड केलं. 1909 मध्ये वॉल्टर हार्डेनबर्ग या अमेरिकन अभियंत्याची साक्ष लंडनच्या ‘ट्रुथ’ साप्ताहिकात आली. कंपनी ब्रिटिश होती आणि तिच्या मुकादमांत बार्बाडोस बेटावरून आणलेले ब्रिटिश प्रजाजन होते, म्हणून ब्रिटिश सरकारला हालचाल करणं भाग पडलं. 1910 मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट ला चोरेराला गेला. त्याने त्या बार्बाडोसच्या माणसांचे जबाब एकेक करून नोंदवले. 1912 मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. निदान 30 हजार माणसं मेली असावीत, असा त्याचा अंदाज होता. कंपनी बुडाली. मलाया आणि सिलोनमधल्या मळ्यांच्या स्वस्त रबराने अ‍ॅमेझॉनचा बाजारही मोडला. अरानाला शिक्षा झाली नाही. तो पुढे पेरूच्या संसदेत बसला आणि 1952 मध्ये मेला.

भाषेच्या बाजूने पाहिलं तर या संहाराने नेमकं काय नेलं? माणसं गेलीच. त्यांच्यासोबत वडीलधाऱ्यांची अख्खी फळी गेली आणि प्रत्येक कुळाचे स्वतःचे मंत्र, गाणी व वंशकथा गेल्या. उरलेल्या कुळांतली मोजकी माणसं एकमेकांच्या आश्रयाला आली. एका मालोकेत दोन-तीन भाषा नांदू लागल्या आणि लहान भाषा मोठीत विरू लागली. नोनुयांची भाषा अशीच आटली.

दुसरा घाव सीमेचा होता. 1922 च्या करारानुसार हा मुलूख कोलंबियाकडे जायचं ठरलं, तेव्हा अरानाच्या माणसांनी उरलेल्या हजारो लोकांना नद्यांवरून पेरूच्या बाजूला हलवलं. आंपियाकूच्या काठी आज जी बोरा, वितोतो आणि ओकाइना गावं आहेत, त्यांचं मूळ या स्थलांतरात आहे. पुढे 1932-33 मध्ये याच सीमेवरून दोन देशांचं युद्ध झालं. एकाच भाषेची माणसं दोन देशांत, दोन शाळाखात्यांत वाटली गेली.

तिसरा घाव शाळेचा. 1930 च्या दशकापासून कापुचिन पंथाच्या मिशनऱ्यांनी ला चोरेराला निवासी शाळा चालवली. मुलांना मालोकेतून आणून वसतिगृहात ठेवलं गेलं, त्यांची भाषा बोलायला बंदी झाली. बोलणाऱ्याला शिक्षा व्हायची. रबराच्या काळाने भाषा बोलणारे मारले. वसतिगृहाने ती बोलण्याची लाज पेरली. त्या मुलांतली अनेक जण पुढे आईबाप झाली आणि आपल्या लेकरांवर हा प्रसंग येऊ नये म्हणून त्यांच्याशी स्पॅनिशच बोलू लागली. गुन्हा त्या आईबापांचा नव्हता, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मध्यभागाच्या लोकांत या आठवणींसाठी एक प्रतिमा आहे : ‘अंधाराची टोपली’. रबराच्या काळातल्या भीतीच्या आणि सुडाच्या गोष्टी त्या टोपलीत घालून तिचं तोंड वडीलधाऱ्यांनी बांधून टाकलं. मुलांपुढे ठेवायची ती ‘समृद्धीची टोपली’ : बी, शेत, नाच, उपदेश. काही पिढ्या अशा मौनात गेल्या. 12 ऑक्टोबर 2012 रोजी, शंभर वर्षांनी, कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सांतोस यांनी या अत्याचारांबद्दल राज्याच्या वतीने माफी मागितली. अरानाची ला चोरेरातली कोठी आता शाळा आहे आणि तिला ‘ज्ञानाचं घर’ म्हणतात.

कोणी काय नोंदवलं

या भाषेच्या नोंदींचा इतिहास फार जुना नाही. जर्मन अभ्यासक कोनराड थिओडोर प्रॉयस 1914 मध्ये ओर्तेग्वासा नदीकाठच्या निन्या मारिया गावी राहिला. तिथले वितोतो म्हणजे रबरमालकांच्या तावडीतून निसटून आलेले निर्वासित. त्यांच्या तोंडून त्याने सृष्टीच्या कथा आणि उत्सवांची गाणी मूळ भाषेत उतरवली आणि 1921 ते 1923 दरम्यान दोन खंडांत छापली. कत्तल अजून ताजी असताना नोंदवलेल्या त्या कथा आज अमोल आहेत. पण सोबतचा अनुवाद जर्मनमध्ये होता. कोलंबियाच्या राष्ट्रीय विद्यापीठात गाब्रिएले पेटर्सेन दे पिन्येरोस आणि वितोतो भाषक एउदोसिओ बेसेर्रा यांच्या कामातून त्या स्पॅनिशमध्ये यायला 1994 उजाडलं. ज्यांची गोष्ट त्यांच्या हाती ती पडायला सत्तर वर्षं लागली.

प्रॉयसनंतर बायबल भाषांतरासाठी आलेल्या भाषातज्ज्ञांनी शब्दकोश केले : ओकाइनाचा 1969 मध्ये, मुरुईचा 1983 मध्ये. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण शब्दांची साठवण खरी झाली. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘मध्यभागाच्या लोकां’च्या भाषांचा मोठा बहुमाध्यमी संग्रह तयार झाला. बोरा, ओकाइना, नोनुया, रेसिगारो आणि वितोतोची ध्वनी-चित्रमुद्रणं त्यात लिप्यंतर आणि भाषांतरासह आहेत. 2020 मध्ये काताझिना वोय्तिलाक यांचं मुरुईचं सविस्तर व्याकरण प्रसिद्ध झालं. आजवरचं हे सर्वांत पूर्ण वर्णन आहे.

एवढं सगळं असूनही एक उणीव सलते. या कामांतलं बहुतेक जर्मन, इंग्रजी किंवा विद्यापीठी स्पॅनिशमध्ये आहे, आणि ते युरोपातल्या संग्रहांत किंवा महागड्या पुस्तकांत आहे. संग्रहात सुरक्षित असलेली भाषा आणि घरात बोलली जाणारी भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीशिवाय दुसरीला उभारी देणं अवघड, हे मान्य. पण पहिलीने दुसरीची जागा घेतल्याचा भास सर्वांत घातक.

आजची स्थिती

वितोतो म्हणवणारे लोक काही हजार आहेत, पण भाषा सफाईने बोलणारे त्याहून बरेच कमी. मुरुई आणि मिनिका बोलणाऱ्यांचे अंदाज प्रत्येकी एक ते दोन हजारांच्या दरम्यान फिरतात. निपोदे त्याहून फार लहान. ओकाइना बोलणारे मोजके वृद्ध उरले आहेत. नोनुयाची थोडी आठवण असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आराराक्वाराजवळच्या व्हियाअसूल गावी नोनुयांनी 1990 च्या दशकात शेवटच्या जाणत्यांना गाठून शब्द गोळा केले, ते नावांत आणि गाण्यांत परत आणले. पूर्ण भाषा परतली नाही. पण आपण कोण, हा प्रश्न त्या गावापुरता सुटला.

रेसिगारोची गोष्ट मन विदीर्ण करणारी आहे. 2016 च्या नोव्हेंबरात पेरूमध्ये ती बोलणाऱ्या शेवटच्या स्त्रीचा खून झाला. मागे उरला तिचा भाऊ. ही स्त्री ओकाइनाही उत्तम जाणत होती. एका मृत्यूने दोन भाषांना धक्का बसला. 2020 मध्ये कोविडने लेतिसिया शहरात अनेक वडीलधारे नेले. 2015 च्या ‘एल आब्रासो दे ला सेर्पिएन्ते’ या चित्रपटात वृद्ध मांत्रिकाची भूमिका साकारणारे आंतोनिओ बोलिव्हार त्यांतले एक. ज्या भाषेचं ग्रंथालय माणसांच्या डोक्यात आहे, तिला साथीचा रोग आगीसारखा लागतो.

तरुण मंडळी लेतिसियाला, फ्लोरेन्सियाला, बोगोटाला जातात. कुणी शिक्षणासाठी, कुणी कामासाठी, कुणी सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने. काकेता नदीत बेकायदा सोन्याचे तराफे आले आणि त्यांच्यासोबत पारा माशांत उतरला. नदी सोडणारा माणूस शेत सोडतो, शेत सोडलं की रात्रीची बैठक सुटते आणि बैठकीसोबत भाषेचं सर्वांत खोल बोलणंही.

कायद्याच्या बाजूने चित्र बरं आहे. 1988 मध्ये कोलंबियाने अरानाच्या जुन्या दाव्याखालची सुमारे 58 लाख हेक्टर जमीन, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक पंचमांश क्षेत्र, ‘प्रेदिओ पुतुमायो’ म्हणून आदिवासींच्या सामाईक मालकीत दिली. 1991 च्या राज्यघटनेने आदिवासी भाषांना त्यांच्या मुलखात राजभाषेचा दर्जा दिला, 2010 मध्ये त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पेरूनेही 2011 मध्ये तसा कायदा केला. इकितोसमध्ये 1988 पासून द्विभाषी शिक्षक घडवण्याचा उपक्रम आदिवासी संघटनांच्या सहभागाने चालतो. पण दोन देशांत वर्णमालेचे दोन पायंडे पडले. त्या सहाव्या स्वरासाठीच कुणी दोन टिंबांचं अक्षर वापरतं, कुणी आडवी रेघ मारलेलं, तर टंकलेखन यंत्राच्या काळात काहींनी अधिक चिन्ह वापरलं. लेखन एकसारखं नसल्याने एका काठचं पाठ्यपुस्तक दुसऱ्या काठाला सहज वाचता येत नाही.

आशेची जागा मला सरकारी कागदांपेक्षा कलेत अधिक दिसते. आनास्तासिया कांद्रे यामाकुरी (1962–2014) या कवयित्री आणि गायिकेने फळांच्या उत्सवाची गाणी स्वतः गोळा केली, स्वतः गायली आणि आपल्या भाषेत कविता लिहिल्या. पेरूच्या पेबासमधले सांतियागो याहुआरकानी झाडाच्या सालीच्या वस्त्रावर रबराच्या काळातली दुःस्वप्नं आणि पूर्वजांच्या कथा रंगवतात. त्यांची चित्रं 2024 च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात होती. मुलगा रेंबेर हाही तोच वारसा चालवतो. अंधाराची टोपली त्यांनी उघडली, ती मुलांना घाबरवायला नव्हे, तर जगाला सत्य दाखवायला.

निवाडा

सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर उत्तर स्पष्ट आहे. शब्दकोश, व्याकरणं आणि कायदे हवेतच. पण वितोतो भाषा जिथे टिकली आहे, तिथे ती मालोका, शेत आणि नाच यांच्यासोबत टिकली आहे. जिथे या तिन्ही गोष्टी गेल्या, तिथे भाषा नुसत्या शाळेच्या तासावर जगलेली नाही. म्हणून पैसा आणि प्रयत्न आधी तिथे लागायला हवेत : नदीतला पारा थांबवण्यात, जमीन सशस्त्र टोळ्यांपासून सुरक्षित ठेवण्यात, वडीलधाऱ्यांच्या आरोग्यात, मालोका बांधण्यात आणि शहरात गेलेल्या मुलांना नाचाच्या दिवशी घरी आणण्यात. परदेशी संग्रहांतली ध्वनिमुद्रणं त्या त्या गावाच्या हाती, त्यांच्या लिपीत आणि त्यांच्या अटींवर परत गेली पाहिजेत.

संयुक्त राष्ट्रांनी 2022 ते 2032 हे आदिवासी भाषांचं दशक म्हणून जाहीर केलं आहे. वितोतो वडीलधाऱ्यांच्या कसोटीने पाहिलं तर हा अजून रात्रीच्या बैठकीत उच्चारलेला शब्द आहे. तो शेतात उतरला, पोटात गेला आणि नाचाला माणसं जमली, तरच तो उजाडला असं म्हणता येईल. दशक संपायला फार वर्षं उरलेली नाहीत, आणि जाणत्या वडीलधाऱ्यांजवळ तेवढीही असतील याची खात्री नाही.